ग्रुप राइडसाठी इंटरकॉम कुठला घ्यायचा: प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आजपासून हे वहीत लिहून ठेवतोय, कारण ग्रुपवर चर्चा झाली की दोन दिवसांनी कोण काय बोललं ते शोधायला ढीगभर मेसेज वर सरकवावे लागतात आणि त्यात निम्मे गुड मॉर्निंगचे फोटो असतात.

विषय असा की आम्ही नऊ बाइक, मागे बसणारे दोन पिलियन धरून अकरा माणसं, सगळे पुण्याचे, एकजण साताऱ्याहून येऊन मिळतो. जुलैमध्ये ताम्हिणीत शेवटच्या गाडीचा टायर बसला, निवे गावाच्या पुढे, तिथे मोबाइलला रेंज नाही, आणि पुढचे सगळे आपले मजेत माणगावला पोचून चहा-भजी घेऊन बसले. मागच्याचं काय झालंय हे कळायला तासभर गेला. आता नोव्हेंबरमध्ये किनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत जायचं ठरतंय, त्याआधी चालत्या गाडीवरून एकमेकांशी बोलायची काहीतरी सोय हवी, म्हणजे हेल्मेटला लावायचा इंटरकॉम नाहीतर तसलं काही, आणि ती कोण शोधणार तर मी, कारण मीच तोंड उघडलं.

पहिल्या मीटिंगला सगळे थेट ब्रँड आणि किमतीवर गेले. मी म्हटलं आधी हे ठरवा की कोणाला कोणाशी बोलायचंय. लीडला, म्हणजे सगळ्यात पुढच्याला, एवढंच हवं की टेल, म्हणजे सगळ्यात शेवटचा, आलाय ना मागे. टेलला म्हणता आलं पाहिजे की थांबा. मधल्यांना बहुतेक वेळा फक्त ऐकायचंय. नवरा-बायकोच्या दोन जोड्यांना आपापसात बोलायचंय, ते आम्हाला ऐकायची गरज नाही (वहिनी हसल्या, दादा नाही हसले). आणि आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याला गाणी हवीत. ही पाच वेगवेगळी कामं आहेत, एकाच डब्यातून सगळी मिळाली तर ठीक, नाहीतर पहिली दोन आधी.

१० ऑगस्ट

आधी घरात काय आहे ते बघितलं. तिघांकडे इंटरकॉम आहेत, तिघांचे तीन कंपन्यांचे, दोन ऑनलाइनवरचे स्वस्त चायनीज आणि एक जुना ब्लूटूथवाला चांगल्या कंपनीचा. हे एकमेकांशी बोलतात का? कागदावर हो. त्याला युनिव्हर्सल इंटरकॉम म्हणतात, म्हणजे तुमचा डबा दुसऱ्या डब्याला मोबाइल फोन समजून जोडून घेतो आणि फोन कॉल चालू आहे असं समजून आवाज पाठवतो. त्यामुळे आवाज फोनसारखाच चपटा येतो, आणि फोनसाठी ठेवलेली जागा त्यात अडकते, मग नकाशाचा आवाज नाहीतर खरा फोन यातलं काहीतरी सोडावं लागतं. पार्किंगमध्ये लावून बघितलं. दोन जुळले, तिसऱ्याने अर्धा तास खाल्ला आणि शेवटी जुळलाच नाही, बुलेटवाले काका म्हणाले, "अरे एवढ्यात आपण खंडाळ्याला जाऊन आलो असतो."

हाताच्या खुणा मात्र सगळ्यांना येतात, डावा हात खाली करून थांबा, पाय काढून खड्डा, टाकीवर हात मारून पेट्रोल. त्या राहणारच आहेत, इंटरकॉम आला तरी. बॅटरी संपते, हात संपत नाही.

१७ ऑगस्ट

फोनवरच भागेल का हे एकदाचं निकालात काढायचं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप कॉल लावून ठेवायचा, किंवा ते वॉकीटॉकीसारखं बटण दाबून बोलायचं झेलो अ‍ॅप, साधा ब्लूटूथ हेडसेट हेल्मेटमध्ये, खर्च जवळजवळ शून्य. सातारा रोडवर हायवेला हे मस्त चालतं, अंतराची मर्यादाच नाही, एकजण खंबाटकीत आणि दुसरा कात्रजला असला तरी बोलणं होतं. पण आपल्याला गरज पडते ती नेमकी जिथे टॉवर नाही तिथे. ताम्हिणी, वरंधा, केळशीच्या आसपासचा भाग, सगळीकडे रेंज येते आणि जाते. ज्या दिवशी सोय हवी त्याच दिवशी सोय नाही, म्हणून फोन बाद. हायवेपुरता राखीव ठेवू.

आणि कोणी म्हणेल की हातात फोन धरून स्पीकरवर बोलू, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय. कायदा सोडा, पावसात एका हाताने घाट उतरणारा माणूस मला ग्रुपमध्ये नको.

२४ ऑगस्ट

वॉकीटॉकी. याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मला अजूनही त्यात जीव आहे असं वाटतं.

कारण साधं आहे, फ्रिक्वेन्सी. इंटरकॉम ब्लूटूथवाला असो की मेशवाला (त्यात प्रत्येक डबा दुसऱ्याचा आवाज पुढे ढकलतो), चालतो २.४ गिगाहर्ट्झला, म्हणजे लाट साधारण साडेबारा सेंटिमीटरची. ती सरळ जाते, डोंगर आला की संपली, ओली झाडं तिला खातात, माणसाचं अंगसुद्धा खातं कारण आपण बहुतेक पाणीच. (पाऊस स्वतः फारसा खात नाही, हे मला उलटं वाटायचं.) वॉकीटॉकी ४४६ मेगाहर्ट्झला धरली तर लाट सदुसष्ट सेंटिमीटरची, ती कडेला थोडी वळून पलीकडे पोचते, झाडीतून जास्त निभावते. घाटासाठी हे जास्त योग्य.

आता कायदा. कुठलाही वायरलेस सेट घेऊन बोलत सुटता येत नाही. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटासा पट्टा कमी पॉवरच्या, छोट्या पल्ल्याच्या सेटसाठी २०१८ च्या नियमांनी लायसन्सशिवाय मोकळा केलाय. पण सेट मंजूर प्रकारचा पाहिजे, त्याला सरकारी इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल लागतं. ते दोन-अडीच हजाराला मिळणारे चायनीज सेट, ज्यात कुठलीही फ्रिक्वेन्सी टाकता येते, ते यात बसत नाहीत, ते हॅम लायसन्सवाल्यांचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, काम, आणि हॅमवाल्यांनीसुद्धा त्यांच्याच पट्ट्यात लायसन्सवाल्यांशीच बोलायचं. यंदा मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन साइट्सना याच कारणाने धरलं, फ्रिक्वेन्सी काय आणि मंजुरी आहे का हे सांगितल्याशिवाय वॉकीटॉकी विकायच्या नाहीत म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या. आमच्या एकाने तरी विचारलंच, "कोण बघतंय?" बघतात. पोलिसांचे, फॉरेस्टचे सेट त्याच हवेत असतात, त्यांच्यात आपण घुसलो तर त्यांना ऐकू येतं.

बरं, मंजूर सेट घेतला तरी बोलायचं कसं. हातात धरून नाही. मग हेल्मेटमध्ये माइक-स्पीकरची वायर आणि हँडलवर पीटीटी बटण, म्हणजे दाबून धरलं की बोलायचं. आवाजावर आपोआप चालू होणारा मोड वाऱ्यात उपयोगाचा नाही, वाऱ्यालाच तो बोलणं समजतो. आणि एकाने बटण दाबलं की बाकी सगळ्यांनी ऐकायचं, दोघांनी एकदम दाबलं की खरखर. लीड आणि टेल या दोघांपुरतं हे छान चालेल. नऊ जणांना वायरी लावत बसणं जमणार नाही, काकांनी तर स्पष्ट नकार दिला, "मी काय हवालदार आहे का."

निर्णय: वॉकीटॉकी मुख्य साधन म्हणून नाही. लीड-टेलसाठी दुसरी फळी म्हणून विचार चालू.

७ सप्टेंबर

मधले दिवस गणपती, काल विसर्जन, घसा बसलाय, आज फक्त वाचन.

उरले दोन प्रकार, ब्लूटूथ आणि मेश. फरक एकदा नीट लिहून ठेवतो म्हणजे परत परत समजावायला नको.

ब्लूटूथ इंटरकॉममध्ये गाड्या साखळीने जोडल्या जातात, अ ला ब, ब ला क, क ला ड. मधला ब पेट्रोलला थांबला की अ एकीकडे आणि क-ड दुसरीकडे. परत जोडायला सगळ्यांनी क्रमाने बटणं दाबायची. शिवाय आकड्याची मर्यादा आहे. कार्डो कंपनीच्या फ्रीकॉम ४एक्सवर चार जण, सेना कंपनीच्या २०एसवर आठपर्यंत, आणि काही स्वस्त युनिटवर "सहा रायडर" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं पण एका वेळी बोलतात दोघंच, बाकीचे नुसते पेअर करून ठेवलेले. ईजियसचं व्ही६ असं आहे, आणि यात फसवणूक काही नाही, माहितीपत्रकात लिहिलंय, लोक वाचत नाहीत एवढंच.

मेशमध्ये प्रत्येक युनिट स्वतः बोलतं आणि दुसऱ्याचा आवाज पुढेही ढकलतं. कोण कोणाच्या मागे आहे याला महत्त्व नाही, कोणी मागे पडला, पुढे गेला, परत आला, तो आपोआप ग्रुपमध्ये येतो. कार्डोने हे २०१५ मध्ये पॅकटॉकबरोबर आणलं, मग सेनाने स्वतःचं काढलं, आणि आपल्याकडे बेंगळुरूच्या ब्लूआर्मरने राइडग्रिड नावाने काढलं. पॅकटॉक एजवर पंधरा जण, दोन गाड्यांमध्ये मोकळ्यावर १.६ किलोमीटरपर्यंत असा कंपनीचा दावा. सेनाच्या ग्रुप मेशवर चोवीस. आपल्याला नऊ म्हणजे कुठेही बसतो. अडचण ही की एका कंपनीचं मेश दुसरीच्या मेशमध्ये थेट मिसळत नाही, जोडायचं तर परत ब्लूटूथच्या पुलावरून. म्हणून ग्रुपने एकच घर धरायचं, मग बायकोचं माहेर असल्यासारखं कायमचं.

किंमत. परदेशी मेश युनिट एका हेल्मेटमागे पंचवीस-तीस हजारांच्या वर जातं, देशी त्याच्या निम्म्याच्या आसपास. नऊला गुणलं की मीटिंगमध्ये एकदम शांतता.

१४ सप्टेंबर

पाबे घाटात चाचणी. खानापूरहून वर चढून वेल्ह्याकडे उतरायचं, वळणं भरपूर, गर्दी सकाळी सातच्या आधी नाही. तिघांकडची जुनी ब्लूटूथ युनिट आणि एक उसनं घेतलेलं.

सरळ रस्त्यावर खडकवासल्याच्या पुढे पाचशे-सहाशे मीटरला आवाज स्वच्छ. घाट लागला आणि पहिल्याच हेअरपिन वळणाला गेला. दीडशे-दोनशे मीटर अंतर होतं फक्त, पण मध्ये डोंगराची सोंड. तो वळून आला की परत आवाज, मी वळलो की परत गेला. "आलास का... खर्र... लो का". आणि प्रत्येक वेळी आवाज तुटला की युनिट बीप मारून बाई सांगते की कनेक्शन गेलं, मग परत जोडलं की परत सांगते. घाट उतरेपर्यंत त्या बाईचंच जास्त ऐकलं.

म्हणजे डब्यावर लिहिलेला किलोमीटरचा आकडा घाटात काही कामाचा नाही. तिथे प्रश्न एवढाच की मला तू दिसतोयस का. दिसतोस तर बोलतोस.

२१ सप्टेंबर

आज सर्वपित्री, घरी बोलणी खाऊन निघालो. मेश युनिटचे चार सेट एका ओळखीच्या ग्रुपकडून दिवसभरासाठी मिळाले. ताम्हिणीत, मुद्दाम त्याच जागी.

इथे खरं काय ते कळलं. चार गाड्या: लीड, मध्ये दोन, शेवटी टेल. एका लांब वळणावर लीड सोंडेच्या पलीकडे गेला, टेलला तो दिसत नाही, ब्लूटूथ असतं तर संपलं होतं. पण मधला दुसरा नेमका वळणाच्या टोकावर होता, त्याला पुढचाही दिसतो आणि मागचाही, आणि आवाज त्याच्यावरून वाकून पलीकडे गेला. लीड म्हणाला "पुढे दगड पडलेत, डावीकडून या" आणि ते शेवटच्याला शब्दन् शब्द ऐकू आलं. मग आम्ही मुद्दाम मधल्या दोघांना एकत्र पुढे पाठवलं, टेल एकटा मागे, आणि लगेच तो तुटला. परत मध्ये एकाला आणलं, परत जोडला, कोणी बटण दाबलं नाही.

म्हणजे मेशवर किती माणसं यापेक्षा ती रस्त्यावर कुठे आहेत ते महत्त्वाचं. नऊपैकी नऊ जणांकडे युनिट असलं आणि सगळे लीडच्या मागे घोळका करून चालले तर टेल एकटाच पडणार. उलट पाच युनिट नीट पसरलेली असली तर पूर्ण ग्रुप बांधला जातो. हा हिशोब डोक्यात बसल्यावर एकदम हलकं वाटलं कारण पैशाचं गणित बदललं.

बाकी निरीक्षणं: धुकं होतं, फरक पडला नाही. गच्च ओल्या झाडीत अंतर कमी झालं, तीनशेच्या पुढे आवाज फाटायला लागला. उघड्या पठारावर मुळशीच्या पाण्याच्या कडेने किलोमीटरच्या आसपास चाललं. माइकचा स्पंज भिजला की बोलणारा पाण्याखालून बोलल्यासारखा येतो, पिळून परत लावला की ठीक.

२२ सप्टेंबर

आजपासून जीएसटीचे नवे दर, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्या २८ वरून १८ टक्क्यांवर, त्याच्या वरच्या ४० वर. ग्रुपवर दिवसभर हेच. काकांना एकदम साक्षात्कार झाला की त्यांची बुलेट ३५० च्या आतली आहे. इंटरकॉमचं कोणी नावही काढलं नाही.

२८ सप्टेंबर

पाऊस लागून राहिलाय, राइड नाही. सगळ्यांना हेल्मेट घेऊन घरी बोलावलं, बायकोने पोहे केले.

कोणी मनावर घेत नाही पण निम्मा आवाज हेल्मेटमध्ये जातो. स्पीकर कानाच्या भोकासमोर पाहिजे. अर्धा इंच मागे-पुढे झाला की आवाज फुल करूनही ऐकू येत नाही आणि लोक कंपनीला शिव्या देतात. पद्धत अशी केली: हेल्मेटचं कानाजवळचं अस्तर काढायचं, आतल्या खोबणीत वेल्क्रो लावून स्पीकर ठेवायचा, हेल्मेट घालून गाणं लावायचं आणि हेल्मेट हाताने किंचित वर-खाली, पुढे-मागे सरकवत बघायचं की कुठे आवाज एकदम मोठा होतो. स्पीकर त्या बाजूला सरकवायचा. बहुतेकांचा तो खाली आणि पुढे यायला पाहिजे होता. खोबण खोल असेल तर मागे जाडसर पॅड देऊन स्पीकर कानाकडे आणायचा, पण टेकता कामा नये, नाहीतर तासाभरात कान दुखून हेल्मेट काढून फेकावंसं वाटतं.

दोन हेल्मेटमध्ये खोबणच नाही. एका दुकानदाराने आमच्यातल्या एकाला सांगितलं होतं की आतलं थर्माकोल थोडं कापून देतो. अजिबात नाही. ते थर्माकोल हेच तर हेल्मेट आहे, डोकं आपटल्यावर दबून धक्का खाणारं तेच, बाहेरची टोपी तो धक्का पसरवायला. ते कापलं तर आयएसआयचा शिक्का शोभेपुरता. त्या दोघांना पातळ स्पीकर नाहीतर नवीन हेल्मेट.

माइक दोन प्रकारचे, फुल फेसला हनुवटीच्या आत चिकटवायचा छोटा वायरचा, आणि वर उघडणाऱ्या हेल्मेटला दांडीवाला. दांडीवाला ओठांपासून बोटभर, समोर. काकांचं अर्धं हेल्मेट आहे, त्यांचा माइक वारा सोडून काही ऐकवणार नाही, त्यांना प्रेमाने सांगितलं.

आवाजाचंही बोललो. ऐंशी-शंभरच्या स्पीडला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा हिशोब आहे की ८५ डेसिबल आठ तास, मग दर तीन डेसिबलला वेळ अर्धा, म्हणजे ९४ ला एकच तास. त्यात आपण वाऱ्यावर मात करायला स्पीकर अजून वर चढवतो. उपाय उलटा आहे, फोमचे इअरप्लग घालायचे, वारा खाली जातो आणि बोलणं त्यातूनही कळतं. धाकट्याला पटलं नाही, त्याने घालून बघितल्यावर पटलं.

१२ ऑक्टोबर

निर्णयाची मीटिंग. वाद झालाच. एका बाजूला "घ्यायचं तर सगळ्यांनी घ्यायचं, नाहीतर काहींना कळतं काहींना नाही, दोन जाती होतात." मुद्दा चुकीचा नाही. दुसऱ्या बाजूला काका, "मला बोलायचं असतं तर मी घरी बसलो असतो, गाडीवर मी गप्प बसायला येतो." हाही मुद्दा चुकीचा नाही, आणि ज्याला नको त्याच्या कानात घालण्यात अर्थ नाही.

ठरलं ते असं. मेशची पाच युनिट, ग्रुपच्या वर्गणीतून, ग्रुपच्या मालकीची: एक लीड, एक टेल, तीन मधल्यांना, आणि मधले तिघं ठरलेल्या जागेवर चालणार, दुसरा, पाचवा, सातवा. ज्या दोघांकडे पिलियन आहे त्यांच्या जोडीसाठी जुने ब्लूटूथ वापरायचे, त्यातल्या एकाचं ब्लूटूथ मेशच्या युनिटला पुलासारखं जोडून बघायचं. युनिट नसलेल्यांसाठी जुनीच पद्धत, म्हणजे वळणावर, फाट्यावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं. ही पद्धत युनिट असलेल्यांनाही लागू. याच्यावर मी अडून बसलो.

कुठलं मॉडेल घेतलं त्याचं नाव इथे लिहीत नाही, नाव लिहिलं की पुढची पाच पानं ब्रँडच्या भांडणात जातात. निवड करताना बघितलं ते: पुण्यात सर्व्हिस मिळते का, हातमोजे घालून बटणं दाबता येतात का (टचवालं एक युनिट याच कारणाने मागे पडलं), टाइप सी चार्जिंग, पाण्याला दाद न देणारं, आणि बॅटरी. मेशला बॅटरी जास्त लागते कारण ते दुसऱ्यांचंही सामान वाहतं. पॅकटॉक एजवर तेरा तास बोलणं लिहिलंय, आपल्याला आठ-नऊ खरे मिळाले तरी दिवस निघतो.

क्लॅम्प की चिकटवायचं? गोल हेल्मेटला चिकटवायचं नीट बसत नाही, क्लॅम्प घेतला.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या गडबडीत कुरियर भाऊबीजेला आलं. आज पाचही युनिट एकत्र करून ग्रुप बनवला, दहा मिनिटांत. ऑगस्टमधला पार्किंगमधला तमाशा आठवून काकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रत्येक युनिटवर मार्करने काम लिहिलं, लीड, टेल, २, ५, ७. माणूस बदलेल, डबा बदलणार नाही. चार्जिंगची जबाबदारी ज्याच्या घरी युनिटचा पाऊच त्याची, आदल्या रात्री फोटो टाकायचा.

बोलायचे नियमही ठरवले, कारण सगळे माइक उघडे म्हणजे बाजार. घाटात फक्त लीड आणि टेल बोलणार, बाकीचे म्यूट, काही दिसलं तर तेवढंच बोलायचं. बोलताना आधी काम मग गोष्ट: "टेल, थांबा, पंक्चर." "अरे ऐक ना" ने सुरुवात नाही. गाणी शेअर करायची नाहीत. राजकारण फेरीबोटीवर.

१४ ते १६ नोव्हेंबर

पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून वेश्वीची फेरी, केळशी, आंजर्ले, हर्णै मुक्काम. दुसऱ्या दिवशी दापोली, दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, तवसाळहून जयगडची फेरी, गणपतीपुळे. परत आंबा घाट, मलकापूर, कोकरूडमार्गे कराड.

ताम्हिणी अपेक्षेप्रमाणे. टेल दोनदा तुटला, दोन्ही वेळा सातवा जास्त पुढे गेला होता, त्याला "मागे ये" म्हटलं की जुळलं. म्हणजे लीडने "टेल?" विचारायचं आणि उत्तर नाही आलं की स्पीड कमी करायचा, एवढी सवय पहिल्या तासात लागली.

खरा उपयोग झाला तो घाटात नाही, केळशी ते आंजर्ले. आडे-पाडल्याचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे, वळणापलीकडचं काही दिसत नाही आणि समोरून एसटी आली की तिला अख्खा रस्ता लागतो. लीड म्हणायचा "एसटी, दाबा" आणि पाचही युनिटवाले डावीकडे कडेला, त्यांच्या मागचे त्यांना बघून कडेला. एसटी आमच्या शेजारून गेली तेव्हा ड्रायव्हरने हात वर केला, त्याला वाटलं असेल पोरं भलतीच शिस्तीची आहेत. पुढे "गाई", "वाळू", "रिक्षा उलटी येतेय", असंच चालू होतं, एकेक शब्द. लांब बोलणं कोणी केलंच नाही, जागाही नव्हती.

पिलियनचा पूल चालला पण कुरकुरत. जुन्या ब्लूटूथचा आवाज मेशमध्ये आला की बाकीच्यांना मागे खरखर ऐकू यायची, दादांनी शेवटी तो तोडला आणि दोघं आपापसात बोलत राहिले. त्यांना तेच हवं होतं.

फेरीवर इंजिनाच्या धडधडीत सगळ्यांनी हेल्मेट काढलेली, युनिट चालूच, बॅटरी फुकट गेली. दुसऱ्या दिवशी दाभोळला चढताना लीडने आठवण केली, बंद करा. जयगडला उतरल्यावर परत चालू करायला पाचव्याच्या लक्षात नाही, तो मालगुंडपर्यंत मुका.

आंबा घाटात रस्त्याचं काम, डंपर, धूळ. टेलने "मागून टेम्पो घाईत आहे, जाऊ द्या" सांगितलं आणि सगळे एका ओळीत आले. हे ग्रुपमध्ये आजवर कधी जमलं नव्हतं, हातवारे पुढून मागे जातात, मागून पुढे काही जात नाही.

२३ नोव्हेंबर

हिशोब आणि उरलेली कामं. सातव्या क्रमांकाच्या युनिटचं चार्जिंगचं रबरी झाकण सैल वाटतंय, पावसाळ्याआधी दाखवून आणायचं. माइकचे स्पंज जादा मागवायचे. साताऱ्याच्या मित्राला स्वतःचं युनिट घ्यायचंय, त्याला सांगितलं की घे पण हेच घराणं घे. काकांनी विचारलं, "ते ऐकायचं फक्त, बोलायचं नाही असं काही मिळतं का रे?" म्हटलं मिळतं, म्यूट बटण. मग सहावं युनिट त्यांच्यासाठी, पैसे ते देणार, आधी हेल्मेट बदलायचं या अटीवर. लीड-टेलसाठी ४४६ ची मंजूर वॉकीटॉकीची जोडी अजून यादीत आहे, जानेवारीत वरंधा करायचाय, त्याच्या आधी कोणाकडून तरी एक दिवस मिळवून मेशच्या शेजारी लावून बघतो.